एअर फ्रायरमधले फिश टाकोज आणि तळ्यातली मरळ

तुमचा प्रश्न असा: "गोंदिया जिल्ह्यातल्या गावात राहतो. नवीन एअर फ्रायर घेतलाय. घरी फिश टाकोज करायचे आहेत, पण इथे चांगला मासा मिळत नाही, फक्त तळ्याचा मिळतो. काय करावं? तापमान आणि वेळही सांगा."

तापमान आणि वेळ सांगते. पण आधी ते "चांगला मिळत नाही, फक्त तळ्याचा मिळतो" बघू. गोंदिया जिल्ह्यात बसून हे लिहिता? भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोली या चार जिल्ह्यांत हजारोंनी मामा तलाव आहेत, म्हणजे माजी मालगुजारी तलाव, जुन्या जमीनदारांच्या काळातले. मालगुजारी १९५० च्या कायद्यानं गेली, तलाव राहिले. तुमच्या गावाला नसेल तर शेजारच्या गावाला नक्की असेल, आणि त्यात मरळ असेल.

आम्ही ढीवर लोक. बाबा तलावावर जाळं टाकायचे, भाऊ अजून टाकतो. तेव्हा या विषयावर मी शांतपणे लिहीन अशी अपेक्षा ठेवू नका.

तुमचं वाक्य मी आधी ऐकलंय, माझ्या नणदोईंच्या तोंडून. तेही ढीवरच, साकोलीकडचे. तळ्याचे झिंगे भातावर घेऊन वाढलेले. पण पुण्यात नोकरी लागली आणि हळूहळू माणूस सुरमई-पापलेटवाला झाला. २०२३ मध्ये सरकारनं पापलेटला राज्यमासा केलं तेव्हा घरच्या ग्रुपवर त्यांनी असे हार-फुलं टाकले की घरात पोरगा कलेक्टर झाला असावा. मी टाइप करून ठेवलं होतं की प्राणहिता ओलांडली की तेलंगणा, आणि तेलंगणाचा राज्यमासा आपली मरळ आहे. पाठवलं नाही. घरचा जवाई, त्याला उलटं बोलायचं नसतं.

तर मागे मंडईला ताई, म्हणजे माझी नणंद, आणि ते आले. मंडई काय असते ते तुम्हाला सांगायला नको. दिवाळी झाली की घरोघरी लेकी-जवाई, बाहेर दुकानं, रात्रभर नाटक. येताना ताईनं जुना एअर फ्रायर माझ्यासाठी आणला, कारण तिनं मोठा घेतला होता. आणि जवाईबापूंनी नागपुरातून थर्माकोलचा डबा आणला. त्यात बर्फ आणि बर्फात बासाचे फिले. तयार टॉर्टियाचं (टाकोच्या पातळ पोळ्यांचं) पाकीट, बाटलीतला सॉस, सगळा सरंजाम. म्हणाले, "वहिनी, आज तुम्ही आराम करा, आज मी टाकोज खिलवतो."

मला आनंदच झाला. धान कापणीचे दिवस, दिवसभर बांधीत वाकून कंबर धरलेली. मी नुसतं म्हटलं, "भाऊजी, भाऊ सकाळी मरळ देऊन जाईल, उद्या करू का?" तर म्हणाले, "नाही जी, टाकोजला समुद्राचाच मासा लागतो. तळ्याच्या माशाला चिखलाचा वास येतो."

हे माझ्या स्वयंपाकघरात उभं राहून, माझ्या बाबांच्या फोटोखाली. सासूबाईंनी डोळ्यानं खूण केली, मी कांदे सोलत बसले.

मग त्यांनी काय केलं ते नीट वाचा, कारण तुमच्या प्रश्नाचं निम्मं उत्तर त्यात आहे. मैदा, कॉर्नफ्लोर आणि सोडा घालून भज्यासारखं पातळ पीठ केलं, त्यात फिले बुडवले आणि थेट जाळीवर ठेवले. एअर फ्रायर म्हणजे पंखा लावलेली छोटी भट्टी. कढईत तेल चारी बाजूंनी लागतं, म्हणून पीठ तेलात पडताक्षणी धरतं. इथे फक्त गरम हवा. पीठ धरायच्या आत ते जाळीतून खाली गळतं आणि उरलेलं वाऱ्यानं एका बाजूला सरकतं. दुसरं म्हणजे बर्फातला मासा पूर्ण सुटलेला नव्हता, पुसलेलाही नव्हता, त्याचं पाणी सुटत राहिलं. तिसरं व्होल्टेज. गावभर हॅलोजन, नाटकाच्या स्टेजचे लाइट, घरोघरी पाहुणे. फ्रिजच्या स्टॅबिलायझरवर आकडा १७० च्या आसपास होता. हीटरची उष्णता व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात कमी होते. म्हणजे २३० वर १५०० वॅट देणारं यंत्र १७० वर जेमतेम ८२० वॅट देतं. यंत्रावर २०० अंश लिहून येतं, आतली भट्टी तिथे पोचतच नाही. मासा भाजला नाही, स्वतःच्या पाण्यात उकडला. पोट्ट्यांनी टॉर्टिया लोणच्यासोबत खाल्ल्या आणि नाटकाला पळाले. सासूबाई म्हणाल्या, "छान झालं जवाईबापू." जवाईबापू म्हणाले, "तुमच्याकडची लाइटच खराब."

लाइट खराब होती हे खरं. पण पीठ लाइटनं गळलं नाही.

दुसऱ्या दिवशी भाऊ बादलीत मरळ घेऊन आला, जिवंत. मरळ हवेतून श्वास घेते, थोड्या पाण्यात तासन् तास जगते, म्हणून ती जिवंत विकली जाते. तुमच्या थर्माकोलच्या डब्यापेक्षा ही सोय जुनी आहे. आणि टाकोजसाठी तिचा खरा गुण वेगळाच. रोहू, कतला, मिरगल यांच्या मांसात बारीक दुफाटी काटे असतात, कितीही सोला. टाको हातात धरून तोंडभर चावायचा पदार्थ, भाताच्या घासासारखं चाचपत खाता येत नाही. मरळीला मधला काटा आणि बरगड्या, तेवढं काढलं की स्वच्छ घट्ट मांस. चव सौम्य, भाजताना फुटत नाही. मेक्सिकोत एन्सेनाडाच्या बंदरावर जे फिश टाकोज प्रसिद्ध झाले त्यांत सौम्य पांढरा मासाच असतो. तिथे तो समुद्राचा असतो कारण तिथे समुद्र आहे. तिथे तो तेलात तळतातही. मूळच धरून बसायचं तर आधी एअर फ्रायर परत करा.

आता मी काय केलं. मरळीची बुळबुळ राखेनं चोळून काढली, मग कातडी ओढून काढली (जाड असते, भाजल्यावर चामट लागते). दोन बोटं रुंद पट्ट्या. मीठ, हळद आणि चिंचेचा कोळ लावून पंधरा-वीस मिनिटं. चिंच चवीसाठी नाही. चिखलाचा वास म्हणतात तो खोटा नाही, पण त्याचा चिखलाशी संबंध कमी. पाण्यातल्या निळ्या-हिरव्या शेवाळातून आणि जिवाणूंमधून जिओस्मिन नावाचं द्रव्य सुटतं, ते माशाच्या चरबीत साठतं. आंबटानं ते मोडतं, आणि कातडी व तिच्याखालचा काळपट पट्टा काढला की बराचसा वास तिथेच जातो. आमच्या आज्यांना जिओस्मिन माहीत नव्हतं, चिंच माहीत होती. पुण्यातल्या माणसाला दोन्ही माहीत नाही, फक्त वास माहीत आहे.

मग पट्ट्या निथळून सुती फडक्यानं कोरड्या केल्या. ही पायरी गाळू नका. तांदळाच्या पिठात घोळवल्या, फेटलेल्या अंड्यात बुडवल्या आणि वरून चुरा. ब्रेडचा चुरा गावात नसतो, मी पातळ पोहे कढईत कुरकुरीत करून हातानं जाडसर चुरले. त्यात तिखट, मीठ आणि चमचा-दीड चमचा तेल चोळलं. तेल वरून फवारण्यापेक्षा चुऱ्यात चोळलं की रंग सगळीकडे सारखा येतो. यंत्र रिकामं चार-पाच मिनिटं तापवलं, पट्ट्या एकमेकींना न चिकटवता एकाच थरात ठेवल्या, २०० अंशांवर आठ ते दहा मिनिटं, मध्ये एकदा उलटल्या. ही घ्या तुमची वेळ आणि तापमान. पण ती पूर्ण व्होल्टेजची आहे. आमच्याकडे सकाळी अकराच्या सुमारास लाइट बरी असते, मी तेव्हाच केलं. संध्याकाळी करणार असाल तर अर्ध्याच पट्ट्या टाका आणि घड्याळाऐवजी मासा बघा. जाड भागात सुरी घातली की मांस पाकळ्यांसारखं सुटलं पाहिजे, आत काचेसारखं दिसता कामा नये.

टॉर्टियाचं मनावर घेऊ नका. मक्याच्या कोरड्या पिठाच्या करायला जाल तर घडी घालताना मोडतील. मेक्सिकोत मका चुन्याच्या पाण्यात शिजवून मग वाटतात. चुन्यानं साल सुटतं, दाण्याच्या पेशींच्या भिंती सैल होतात, म्हणून ते पीठ धरतं. साध्या पिठात हे होत नाही. खाण्याचा चुना आपल्याकडे घरोघरी डबीत असतो, पण त्या उद्योगाला अख्खा दिवस लागतो. सरळ पातळ पोळ्या लाटा, वाटीनं गोल कापा, मऊ भाजा. उत्तर मेक्सिकोत गव्हाच्याच टॉर्टिया खातात, त्यामुळे कोणाला उत्तर द्यायची गरज नाही. ज्वारीची हवी तर पीठ उकळत्या पाण्यात मळा, नाहीतर तडकते.

वरून पत्ताकोबी केसासारखी चिरून मीठ-लिंबू लावलेली. टमाटर, कांदा, हिरवी मिरची आणि सांबार (कोथिंबीर) बारीक करून. आणि घट्ट टांगलेलं दही. दह्यात मी लसूण आणि दोन चमचे जवसाची चटणी घातली. बाटलीतल्या सॉसकडे कोणी बघितलं नाही.

जवाईबापूंनी खाल्लं, परत मागून खाल्लं. हात धुताना म्हणाले, "मसाला चांगला आहे वहिनी. मसाल्यात काय, काहीही खपतं."

मी तेव्हाही काही बोलले नाही. पण ते गेल्यावर कचरा काढताना ते बासाचं पाकीट हातात आलं. मागच्या बाजूला बारीक अक्षरात लिहिलं होतं, पँगॅसियस. म्हणजे बासा हा समुद्राचा मासाच नाही! मूळचा मेकाँग नदीचा, व्हिएतनामात तळ्या-पिंजऱ्यांत पाळतात, आपल्याकडेही त्याच कुळातला मासा तळ्यांत पाळतात. तुमच्या आठवडी बाजारात बर्फाच्या पेटीतून पंगस येतो ना, तो त्याच कुळातला. तळ्याच्या माशाला वास येतो म्हणणारा माणूस नागपूरहून तळ्याचा मासा बर्फात घालून तळ्याच्या काठी घेऊन आला होता, आणि वर सांगत होता की समुद्राचा आहे. ताईला फोन करून सांगावं म्हटलं तर सासूबाई म्हणाल्या, "जाऊ दे बाई, लेक नांदतेय तिथं." म्हणून इथे लिहितेय. ताई असल्या साइटवर येत नाही, ते येतात.

तर तुमचं उत्तर: मरळ घ्या. भाव जास्त असतो, कुरकुर करू नका, त्यामागे रात्री गळ लावून बसलेला माणूस असतो. उन्हाळ्यात तलाव आटायला लागले की सहज मिळते, दिवाळीला भरल्या पाण्यात शोधावी लागते. पावसाळ्यात पिल्लांसोबतची मरळ कोणी विकत असेल तर घेऊ नका, ती पिल्लं राखते. मरळ नाहीच मिळाली तर तिलापिया, त्यालाही ते बारीक काटे नसतात आणि अमेरिकेत टाकोजला तो सर्रास वापरतात. तोही नसेल तर पंगस, पण चरबी जास्त, चिंच जरा जोरात लावा.

रोहू-कतलाचे टाकोज होतच नाहीत असं नाही. वाफवून, काटे वेचून, उकडलेला बटाटा घालून टिक्क्या करा आणि त्या फ्रायरमध्ये टाका. तेलात तळताना रोहूला बारीक चिरा दिल्या तर काटे कुरकुरीत होतात, हवेत ते होत नाही. लहान मुलं आणि म्हातारी माणसं जेवणार असतील तर टिक्कीचं मांसही दोनदा वेचा.

अजून एक. यंत्र १६ अँपिअरच्या जाड पिनेच्या सॉकेटवरच लावा. १५०० वॅट म्हणजे साडेसहा अँपिअर होतात, पंख्याच्या बोर्डावरचं सॉकेट तापतं. घरच्या साध्या इन्व्हर्टरवर तर लावूच नका. आणि जाळी त्याच रात्री लिंबाच्या सालीनं घासा, नाहीतर पुढचा आठवडाभर भाजलेल्या शेंगदाण्यालाही माशाचा वास येतो. तो मात्र कुठल्याही माशाचा येतो, पापलेटचासुद्धा.