आधी आरसीवरचा बोजा बघा, बॅटरी नंतर

९८ ची मारुती ८००, वडील गेल्यापासून सांगलीवाडीच्या शेडमध्ये उभी, आरसी अजून त्यांच्याच नावावर, आणि तुम्ही विचारताय बॅटरी कोणती घालू. वाचून राहवलं नाही. साताऱ्यात आमच्याकडे हेच झालं होतं, गाडीही हीच. बॅटरी, प्लग, ऑइल, फिल्टर कुठलाही जुना फिटर सांगेल, त्यात मी शिरत नाही. तुम्ही आज फक्त आरसी बुक काढा आणि त्यावर कर्ज देणाऱ्याचं नाव, म्हणजे बोजा, आहे का ते बघा.

आमच्या आरसीवर होतं. कर्ज कधीच फिटलेलं, एचपी, म्हणजे आरसीवरची ही कर्जाची नोंद, उतरवायची तेवढी राहिलेली. वारसाच्या नावावर गाडी करायला फॉर्म ३१ लागतो, आणि बोजा असेल तर त्यावर कर्ज देणाऱ्याची संमती लागते. बोजा उतरवायचा तर फॉर्म ३५ आणि त्यांचं ना-हरकत पत्र. आमची कर्ज देणारी संस्था मधल्या काळात दुसऱ्या संस्थेत विलीन झालेली, जुनी शाखा बंद. नव्या शाखेत खाते क्रमांक दिला तर उत्तर, "हे खातं आमच्या सिस्टीमला दिसत नाही." बरं, मग कर्ज बाकी नाही असं लिहून द्या. तर म्हणे, "जे खातं दिसतच नाही त्याचं पत्र कसं देणार?" शेवटच्या हप्त्याची पावती काचेखालून आत सरकवली, ती न वाचता परत आली. मुख्य कार्यालय म्हणतं शाखेत जा, शाखा म्हणते मुख्य कार्यालयात जा. ज्या माणसानं एक हप्ता चुकवला नाही, त्याच्या घरच्यांना असं फिरवायचं याचा मला अजून संताप येतो. फुकट जातो तो नुसता वेळ नाही. नोंदणीची मुदत संपलेली असली तर खाजगी कारला २०२२ पासून महिन्याला ५०० रुपये उशिराचा आकार चढत राहतो. वीस वर्षांवरच्या कारची नूतनीकरणाची फीच आता १०,००० आहे, पर्यावरण कर वेगळा. इकडे इंजिन झकास चालू झालेलं, पण गाडी फाटकाबाहेर काढायची सोय नाही.

तोंडी बोलून काही हललं नाही, लेखी दिल्यावर हललं. करार, पावती आणि हप्ते वळते झाल्याचं पासबुकाचं पान जोडून अर्ज द्या, दुसऱ्या प्रतीवर शिक्का आणि तारीख घ्या. शिक्का देत नसतील तर पोस्टानं पाठवा आणि पोच जपा. ३० दिवसांत उत्तर नाही आलं, किंवा उडवाउडवीचं आलं, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे ऑनलाइन तक्रार करा, फी नाही. आमचं पत्र त्यानंतरच आलं. हा रस्ता बँक आणि फायनान्स कंपन्यांसाठी आहे. कर्ज पतसंस्थेचं असेल तर सहकार खात्याच्या उपनिबंधकांकडे जावं लागेल. पत्र हातात आलं की लगेच आरटीओत द्या, त्यावर बहुधा तीन महिन्यांची मुदत असते. "पत्राचं मी बघतो" म्हणणाऱ्या एजंटला एक रुपया देऊ नका. खोटं ना-हरकत पत्र निघालं तर अडकणार तुम्ही.

मी वकील नाही, आरटीओतलाही नाही. फीचे आकडे बदलत असतात, भरण्याआधी परिवहनच्या साइटवर बघून घ्या. पण क्रमाबद्दल माझं मत पक्कं आहे: आधी बोजा, मग नाव, मग गाडीला हात. ८०० चे पार्ट आजही मिळतात, ते पत्र कुठल्या दुकानात मिळत नाही.

गाडीचं दोनच गोष्टींत सांगतो. सांगलीवाडी कृष्णेच्या काठी, म्हणून पहिली शंका पुराची. २०१९ आणि २०२१ ला शेडमध्ये पाणी आलं होतं का, शेजाऱ्यांना विचारा. पुढच्या सीटखालचं कार्पेट उचला. वाळलेला बारीक गाळ सापडला तर किल्ली फिरवायचीच नाही. आधी ऑइल काढून बघा, दुधाळ असेल तर पाणी इंजिनात गेलंय. पाणी आलं नसलं तरी वायरिंग नीट तपासा. ऊस तुटला की उंदीर शेडकडे वळतात, आमच्या एअर फिल्टरच्या डब्यात अख्खं घरटं होतं.

आणि टायर. नक्षी नवी दिसते म्हणून ठेवू नका. टायरच्या कडेला डॉट (DOT) या अक्षरांपुढच्या ओळीच्या शेवटी चार आकडे असतात, आठवडा आणि वर्ष. ३२१४ असेल तर तो २०१४ च्या बत्तिसाव्या आठवड्यातला. तसल्या टायरवर आरटीओपर्यंतसुद्धा जाऊ नका. पासिंगला गाडी टेम्पोत घालून न्या, नाव आणि नोंदणी होईपर्यंत ती रस्त्यावर चालवायची नाहीच.