आतून निघतं का?

विचारणा अशी आहे : ‘अर्बन स्प्रॉल’ला, म्हणजे शहराच्या अस्ताव्यस्त पसरत जाण्याला, ‘नागरी विस्तार’ म्हणावं का, आणि ‘स्ट्रीट कनेक्टिव्हिटी’ला, म्हणजे रस्ते एकमेकांना जोडलेले असण्याला, ‘पथसंलग्नता’ चालेल का?

पहिल्याचं पटकन सांगतो. विस्तार नको, पसारा म्हणा. विस्ताराचं कौतुक असतं, तो मंत्रिमंडळाचाही होतो. पसारा म्हटलं की वैताग आलाच, आणि स्प्रॉलमध्ये तोच आहे.

दुसऱ्यापाशी जरा थांबू. संलग्न महाविद्यालयं असतात, रस्ते नव्हेत. ठाण्यातला रिक्षावाला विचारतो, ‘आतून निघतं का?’ नौपाड्यात निघतं. गोखले रोड तुंबला की मधली गल्ली धरायची, राम मारुती रोडला लागायचं. घोडबंदर रोडला मात्र उत्तर बहुधा ‘नाही, बाहेरून फिरून या’. माझ्या खिडकीतून शेजारच्या संकुलातलं वाण्याचं दुकान दिसतं, उघडंय की बंद तेही कळतं. मध्ये एक भिंत. दुधाची पिशवी आणायची तर आमच्या गेटातून बाहेर, हमरस्त्याने पुढे, मग त्यांच्या गेटातून आत. (एकीकडे येऊरचे डोंगर, दुसरीकडे खाडी, त्यामुळे जागाच चिंचोळी, हे मान्य. पण ही भिंत काही डोंगराने घातलेली नाही.)

तेव्हा ‘रस्त्यांची जोडणी’ म्हणा, आणि जो पलीकडे निघतो तो ‘आरपार रस्ता’.

गंमत पुढेच आहे. अभ्यासक ही जोडणी मोजतात ती एका ठिकाणी किती रस्ते मिळतात यावरून : चौकाला ४, तीन फुटले तर ३, रस्ता संपला तिथे १. बॅरिंग्टन-ली आणि मिलार्ड-बॉल या संशोधकांनी २०१५ मध्ये अमेरिकेतल्या रस्त्यांचा शतकभराचा हिशेब असाच मांडला. तिथले नवे रस्ते १९९४च्या सुमारास सगळ्यात तुटक होते, मग जोडणी सुधारत गेली. मराठीने ही मोजणी शब्दांतच करून ठेवली आहे. चौक, चव्हाटा चाराचे. तिठा, तिकाटणं तिनाचं. आपला ठाण्याचा तीन हात नाकाही त्याच जातीचा, आता त्याला हात जास्त फुटलेत एवढंच.

एकाला, म्हणजे रस्ता संपतो त्या जागेला, मात्र ठसठशीत शब्द नाही. बोळ अरुंद असतो, पण आरपारही असू शकतो. ‘बंद गल्ली’ला हिंदीचा वास येतो. ‘पुढे रस्ता नाही’ ही पाटी झाली, नाव नव्हे. कोकणात, वऱ्हाडात कुणाच्या आजीच्या तोंडी काही असेल तर सांगा.