भंडारदऱ्याला कॅराव्हॅन लावून मधल्या दिवशी घाटात कुठे फिरावं?

तुम्ही विचारलंय की खारघरहून कॅराव्हॅन घेऊन भंडारदरा धरणाजवळच्या शेंडी गावात दोन रात्री मुक्काम आहे, सोबत सत्तरीचे आईबाबा आहेत, मग मधल्या दिवशी त्र्यंबकेश्वर करावं की माळशेज. माझं ऐकाल तर दोन्ही नको, धरणाला फेरी मारा, दिवस कमीच पडेल. आम्ही ठाण्याचे, तिकडे जाणं-येणं असतं म्हणून हक्काने सांगतोय.

पहिलं म्हणजे ती मोठी गाडी कॅम्पवरच राहू द्या आणि शेंडीतून जीप ठरवा. धरणाभोवतीचा रिंग रोड अरुंद आहे, समोरून एसटी आली की कुणीतरी मागे घ्यावीच लागते, आणि लांब गाडी वळणावर मागे घेताना आईबाबांच्या जिवाला घोर कशाला. शिवाय तिकडचे जीपवाले रोजचे, रस्ता कुठे खचलाय ते त्यांना ठाऊक असतं. वनखात्याच्या नाक्यावर पावती फाडावी लागते, कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्य आहे ते.

सकाळी आठच्या आत निघा आणि मुतखेलवरून आधी रतनवाडी गाठा. तिथलं अमृतेश्वराचं देऊळ सकाळच्या तिरप्या उन्हात बघायचं, दगडावरचं कोरीव काम तेव्हा खरं उठून दिसतं, शेजारची पुष्करणी पण चुकवू नका. पायऱ्या फार नाहीत, आईबाबांना झेपेल. मागे उभा आहे तो रतनगड, प्रवरा तिथेच उगम पावते आणि पुढे हेच पाणी विल्सन धरणात, म्हणजे भंडारदऱ्याच्याच धरणात अडवलंय, 1926 साली पूर्ण झालेलं धरण आहे ते. जेवणाचं रतनवाडीत जाताजाताच कुणाच्या तरी घरी सांगून ठेवा म्हणजे निघेपर्यंत नागलीची भाकरी, पिठलं, ठेचा तयार मिळतो. आयत्या वेळी मागून मिळेलच असं नाही.

मग साम्रद. सांदण दरी तिथेच आहे पण आईबाबांना घेऊन आत उतरू नका, मोठमोठे दगड आहेत, आणि पावसाळ्यात तर कुणीच जाऊ नये. तोंडाशी जाऊन बघितलं तरी अंदाज येतो. उजवीकडे अलंग-मदन-कुलंग हे किल्ले दिसत राहतात, बाबांना त्यांची आवड असेल तर इथे अर्धा तास सहज जाईल.

घाटघर मात्र चारनंतरच ठेवा, मी ही दिशा सांगतोय ती त्यासाठीच. कोकणकडा पश्चिमेला तोंड करून आहे, दुपारी सगळं धुरकट असतं आणि उन्हं उतरायला लागली की खालच्या डोंगरांच्या एकेक सोंडा वेगळ्या होतात. खाली दिसतो तो आपला शहापूर तालुका! घाटघरच्या वीज प्रकल्पाचं खालचं धरण तिकडे चोंढ्याला, म्हणजे आपल्या ठाणे जिल्ह्यात आहे, विजेची मागणी कमी असते तेव्हा तिथलं पाणी वर चढवतात आणि मागणी वाढली की तेच खाली सोडून 250 मेगावॅट वीज करतात. मुलं बरोबर असतील तर कड्यावर उभं राहून हे नक्की सांगा, पुस्तकात वाचून असं कळत नाही. कड्यावर वारा जबरदस्त असतो, आईबाबांचे हात धरा. अंधार पडायच्या आत उडदावणे, पांजरेवरून शेंडीला परत.

स्वतःची कार नेलीत तर या दिशेने जलाशय ड्रायव्हरच्या बाजूला येतो आणि नजर सारखी तिकडे जाते, म्हणून बघायचं तेव्हा गाडी बाजूला घेऊनच बघा. डिझेल-पेट्रोल घोटीलाच भरून घ्या.

आणि एक कळकळीची विनंती, कॅराव्हॅनचं सांडपाणी धरणाच्या काठाला कुठेही सोडू नका, खाली गावंच्या गावं हेच पाणी पितात. कॅम्पवाल्याला बुकिंग करतानाच विचारा टाकी कुठे रिकामी करायची, त्याने नीट उत्तर दिलं नाही तर दुसरा कॅम्प बघा.

जाताना भिवंडीजवळच्या आमण्याहून समृद्धी महामार्ग पकडलात तर कसारा घाट टळतो, इगतपुरीला उतरून घोटीवरून शेंडी. फक्त शीळफाट्याला ट्रकांच्या रांगा लागायच्या आत पहाटेच घर सोडा.