बडोद्यातलं जुनं टेनामेंट दोन लाखांत, जमेल तेवढं स्वतःच्या हातानं कसं नीट करावं?

तुम्ही विचारलंय की १९९०च्या सुमारास बांधलेलं टेनामेंट (रांगेतलं छोटं घर) आहे, खाली हॉल आणि स्वयंपाकघर, वर दोन खोल्या. खर्चाची मर्यादा दोन लाख, उन्हाळा नुकताच लागलाय आणि दिवाळीला घर तयार हवं. सुरुवात कुठून करायची आणि कोणती कामं घरच्या माणसांनी करू नयेत?

सुरुवात धाब्यापासून, म्हणजे गच्चीपासून करा, आणि तीही मे महिन्यातच. रंगाचा डबा नवरात्रापर्यंत घरात आणू नका. स्वस्तातलं नूतनीकरण वाया जातं ते बहुतेक क्रम चुकल्यामुळे. आधी भिंती रंगवल्या, मग वायरिंगसाठी फोडल्या, मग पावसात वरून ओल आली, म्हणजे तेच पैसे तीनदा खर्च. क्रम असा धरा: पाणी आत येण्याच्या वाटा बंद करणं, मग फोडाफोडीची सगळी कामं (वीज, नळ), मग टाइल्स, मग सुतारकाम, मग पुट्टी आणि रंग, आणि सगळ्यात शेवटी दिवे, पंखे, हँडल.

दोन लाखांची वाटणी मी अशी करेन. वीज ४५ हजार, रंगाचं सगळं सामान बाहेरच्या भिंतींसकट ४०, बाथरूम आणि नळ ३५, धाबं आणि ओल ३०, दारं आणि स्वयंपाकघर २०. उरलेल्या ३० हजारांना पहिले दोन महिने हातच लावायचा नाही. जुनं प्लास्टर खरवडल्यावर आत काय निघेल हे कुणालाच आधी सांगता येत नाही, म्हणून ही रक्कम बाजूला हवीच.

तुमच्या घराएवढ्या जुन्या टेनामेंटांच्या धाब्यावर बहुधा चायना मोझॅक (सिमेंटात बसवलेले टाइल्सचे तुकडे) असतं. हातोडीच्या दांड्यानं सगळं धाबं ठोकून पाहा. जिथे पोकळ आवाज येतो तिथला तुकडा खालून सुटलेला आहे, त्याच्याभोवती खडूनं खूण करा. मग पावसाच्या पाइपाचं तोंड गोणपाट आणि चिकणमातीनं बंद करून दीड-दोन इंच पाणी चोवीस तास साठू द्या आणि खालून स्लॅबला नवे डाग येतात का ते बघा. पाणी सोडल्यावर कुठे डबकं राहतं हेही टिपून ठेवा. पाण्याला उतार दर शंभर इंचांना निदान एक इंच हवा. तेवढा नसेल तर वरून वॉटरप्रूफिंगचे कितीही लेप दिले तरी डबक्याखालचा भाग आधी जातो, तेव्हा तिथे उतार करून घ्या.

सुटलेले तुकडे काढून पुन्हा बसवा, सांधे कुरतडून पांढरं सिमेंट आणि पॉलिमर यांनी भरा. गळतीची नेहमीची जागा म्हणजे कठडा आणि धाबं मिळतात तो कोपरा. तिथे सिमेंट-वाळूचा गोलसर वाटा मारा, म्हणजे काटकोन भरून गोल करा, आणि त्याच्यावर लेपाच्या दोन हातांमध्ये फायबरची जाळी दाबा. पाइपाच्या तोंडाभोवतीही तसंच. लेप ब्रशनं द्यायचा, पहिला हात उभा, दुसरा आडवा. डब्यावर लिहिलेलं क्षेत्रफळ गुळगुळीत पृष्ठभागाचं असतं, चायना मोझॅकवर चौथा हिस्सा जास्त माल धरा. मे महिन्यात हे काम सकाळी नऊच्या आत संपवा. दुपारी धाबं तव्यासारखं तापतं, लेपाची वरची साय आधी वाळते, खालची वाफ कोंडते आणि फोड येतात. हे फोड पहिल्याच पावसात फुटतात. हे सगळं काम घरच्या दोन माणसांना जमतं, आणि मजुरीची खरी बचत इथे आणि रंगकामातच आहे.

भिंतीच्या खालच्या भागातली ओल वेगळी. जाड प्लॅस्टिकचा फूटभर चौकोन चारही बाजूंनी चिकटपट्टीनं भिंतीवर हवाबंद लावा आणि दोन दिवसांनी काढा. आतल्या बाजूला थेंब असतील तर ओल भिंतीतून येते, बाहेरच्या बाजूला असतील तर खोलीत हवा खेळत नाही एवढाच दोष आहे. भिंतीतून येत असेल तर आधी पलीकडे काय आहे ते बघा: बाथरूमचा पाइप, बाहेर जोत्यापेक्षा उंच झालेली माती, कुंड्यांची रांग. कारण काढल्याशिवाय वरून ओल-रोधक रंग फासला तर पाणी त्याच्यामागून वर चढतं आणि डाग दोन फुटांऐवजी चार फुटांवर दिसू लागतो.

विश्वामित्री नदीच्या पुराचं पाणी २०१९च्या जुलैअखेर किंवा २०२४च्या ऑगस्टअखेर तुमच्या घरात शिरलं असेल तर त्या भिंतींना लोणा (क्षारांचा पांढरा थर) लागलेला असणार. त्यावर पुट्टी टिकत नाही, क्षार तिला मागून ढकलतात आणि महिन्याभरात पापुद्रे पडतात. ओलीच्या रेषेच्या वर फूटभर जागा धरून प्लास्टर विटेपर्यंत काढा, वीट कोरड्या ब्रशनं घासा (धुऊ नका, क्षार पुन्हा आत जातात) आणि उन्हाळाभर उघडी राहू द्या. मग एकास चार (सिमेंट एक, वाळू चार) प्रमाणाचं प्लास्टर, सिमेंटच्या ५० किलोच्या पोत्यामागे २०० मिली वॉटरप्रूफिंगचं द्रव घालून. अशा घरात खालच्या मजल्यावरचे प्लग पॉइंट चार फुटांवर घ्या. खर्च तोच, पण पुढच्या पुराचं पाणी त्याच्या खाली राहिलं तर बोर्ड कोरडा राहतो.

एक सावधगिरी. मांडवी, रावपुरा, दांडिया बाजार भागातलं विटा-चुन्याचं जुनं घर असेल तर वरचं सिमेंट प्लास्टर तिथे चालत नाही. चुन्याची भिंत श्वास घेते, सिमेंटनं तिची ओल आत कोंडते. तिथे चुन्याचंच प्लास्टर हवं आणि ते काम माहीत असलेला जुना कडियो (गवंडी) शोधावा लागेल.

भेगांचं म्हणाल तर केसासारख्या भेगा पुट्टीत जातात. पण खिडकीच्या कोपऱ्यातून तिरकी निघालेली किंवा विटांच्या सांध्यांतून पायऱ्या-पायऱ्यांनी चढणारी भेग काळ्या मातीवरच्या घरात पाया हलल्याची खूण असू शकते, कारण ही माती पावसात फुगते आणि उन्हाळ्यात आकसते. भेगेच्या दोन्ही टोकांना पेन्सिलनं रेघ मारून तारीख लिहा, भेगेवर काचेची पातळ पट्टी अराल्डाइटनं (घट्ट धरणाऱ्या इपॉक्सी गोंदानं) चिकटवा. पावसाळ्यात काच तडकली तर कडियाला नव्हे, स्ट्रक्चरल इंजिनिअरला बोलवा. बीममध्ये सळईच्या बाजूनं लांबच लांब भेग आणि गंजाचा डाग दिसला तरीही इंजिनिअरच. स्वयंपाकघर मोठं करायला भिंत पाडायचा विचार असेल तर तोही त्याला दाखवल्याशिवाय नको.

विजेचं काम स्वतः करू नका. परवानाधारक ठेकेदारालाच द्या आणि त्याच्याकडून टेस्ट रिपोर्ट घ्या. पण काय मागायचं ते तुम्हाला ठाऊक असू द्या: दिव्या-पंख्यांना १.५ चौरस मिलिमीटरची तांब्याची तार, १६ अँपियरच्या पॉइंटला २.५, एसीला ४. गिझर, एसी आणि स्वयंपाकघराला वेगवेगळे एमसीबी (जास्त भार आला की आपोआप बंद होणारे स्विच), आणि सगळ्यांच्या आधी ३० मिलिअँपियरचा आरसीसीबी (वीज गळली की पुरवठा तोडणारा, शॉकपासून वाचवणारा स्विच). बजेट तोकडं पडलं तर नव्या दिव्यांचे पैसे कापा, आरसीसीबी आणि अर्थिंगचे कापू नका. दोन एसी बसवणार असाल तर एमजीव्हीसीएल या वीज कंपनीकडे लोड (मंजूर भार) वाढवायचा अर्ज आधी टाका. भिंतीत वायरिंगसाठी घळी (खाचा) पाडायच्या आधी प्रत्येक खोलीत पलंग, कपाट, टीव्ही कुठे येणार ते खडूनं काढून ठेवा. घळी बुजवण्यापूर्वी प्रत्येक भिंतीचा मोजपट्टी धरून फोटो काढा. पुढे खिळा ठोकताना हे फोटो लागतात.

नळाच्या कामात वॉशर बदलणं, अँगल कॉक, फ्लशचं किट, सिंकचा वेस्ट पाइप हे घरी होतं. टेफ्लॉन टेप आट्यांच्या दिशेनं, म्हणजे आटे तुमच्याकडे धरून घड्याळाच्या काट्यांच्या दिशेनं दहा-बारा फेरे गुंडाळा. उलटी गुंडाळली तर नळ आवळताना ती गोळा होऊन बाहेर येते. भिंतीआडचा सीपीव्हीसी (गरम पाणीही सोसणारा प्लॅस्टिकचा) पाइप मात्र प्लंबरकडून बसवून घ्या आणि टाइल बसण्याआधी दाबाची चाचणी करायला लावा.

बाथरूममध्ये जुन्या टाइलवर नवी टाइल बसवणं स्वस्त पडतं, तोडफोड आणि मलबा दोन्ही वाचतात. पण आधी ठोकून बघा. दहात एखादी पोकळ असेल तर तेवढी काढून भरा, निम्म्या पोकळ असतील तर हा मार्ग सोडा. जमीन साधारण अर्धा इंच वर येते, तेव्हा दार खालून कापावं लागेल, आणि पाणी जाण्याची जाळीही तेवढी वर घ्यायला हवी, नाहीतर पाणी दाराकडे धावतं. पैसे नसतील तर टाइल तशीच ठेवून फक्त सांधे नवे करा. जुनं ग्राउट (सांध्यांतलं भरण) दोन-तृतीयांश खोल कुरतडा आणि इपॉक्सी ग्राउट भरा. एका वेळी पाव किलोपेक्षा जास्त कालवू नका, ते पाऊण तासात दगड होतं.

आता रंग. इथे तुमची मेहनत सगळ्यात जास्त पैसे वाचवते, आणि निकाल नव्वद टक्के रंगाआधीच्या कामावर ठरतो. भिंतीवर ओला हात घासा. पांढरी पूड हाताला आली तर तो चुना किंवा जुना डिस्टेंपर आहे, आणि तो खरवडून, धुऊन काढल्याशिवाय त्यावर पुट्टी लावणं म्हणजे पापुद्र्यावर पापुद्रा. दारा-खिडक्यांचा जुना ऑइलपेंट कोरडा घासू नका. भारतात घरगुती रंगांतल्या शिशावर ९० पीपीएमची (दहा लाख भागांत ९० भाग) मर्यादा नोव्हेंबर २०१७ पासून आहे, तुमच्या ग्रिलवरचे थर त्याच्या आधीचे. पाण्याचा कागद (ओला करून वापरायचा पॉलिशपेपर) भिजवून घासा, मास्क लावा, लहान मुलांना त्या दिवशी घरात ठेवू नका.

मोजमाप असं काढा. १० बाय १२ची खोली, उंची १० फूट. चार भिंती ४४० चौरस फूट, दार-खिडकी वजा जाता साधारण ४००, छत १२०. पूर्ण भिंतीला पुट्टीचे दोन हात द्यायचे तर किलोला १६ ते २० चौरस फूट, म्हणजे भिंतींना २५ किलोची एक गोणी पुरावी. प्रायमर (रंगाखालचा पहिला थर) आणि इमल्शन (पाण्यात मिसळणारा भिंतीचा रंग) प्रत्येकी पाच लिटर धरा. तयार केलेली छटा दुकानदार परत घेत नाही, पांढरा बंद डबा सहसा घेतो, म्हणून छत पांढरंच ठेवा आणि छटेचं माप नीट करा. एका भिंतीला दोन डबे लागणार असतील तर ते आधी एका बादलीत एकत्र करा. दोन डब्यांत थोडा फरक असतोच आणि तो भिंतीच्या मध्यावर दिसतो.

सिमेंटची पांढरी पुट्टी कालवताना भांड्यात आधी पाणी, मग पावडर: किलोला ३५० ते ४०० मिली. दहा मिनिटं मुरू द्या आणि पुन्हा ढवळा, नाहीतर न भिजलेल्या गुठळ्या पुट्टी लावायच्या पत्र्याखाली ओरखडे काढतात. कालवलेला माल दोन तासांत संपवा. घट्ट झाल्यावर वरून पाणी घालून सैल केलेली पुट्टी वाळल्यावर हाताला पूड देते. भिंत आधी पाण्यानं ओलसर करा, पहिला हात खालून वर, दुसरा चार-सहा तासांनी. दोन्ही मिळून जाडी दीड मिलिमीटरच्या वर नको. मोठे खड्डे आधी प्लास्टरनं भरा, पुट्टीनं भरले की तडकतात. ३२० नंबरचा पॉलिशपेपर दुसऱ्याच दिवशी मारा. चार दिवस थांबलात तर ही पुट्टी इतकी कडक होते की हात भरून येतात आणि भिंत सपाट होत नाही. घासताना अंधार करून मोबाइलचा टॉर्च भिंतीला चिकटवून आडवा धरा. प्रत्येक उंचवट्याची सावली पडते. दिवसाच्या उजेडात जी भिंत गुळगुळीत वाटते तीच नव्या एलईडीखाली लाटा दाखवते.

धूळ ओल्या फडक्यानं पुसून प्रायमर द्या, रात्रभर थांबा, मग इमल्शनचे दोन हात. आधी छत, मग भिंती. पंखा बंद ठेवा आणि एक भिंत एका बैठकीत कोपऱ्यापर्यंत संपवा. मध्येच थांबलं तर वाळलेल्या कडेवर पुन्हा रोलर जाऊन पट्टा उठतो. पाणी डब्यावर लिहिलंय तेवढंच. रंग पुरवायला जास्त पाणी घातलं तर ढग दिसतात आणि तिसरा हात द्यावा लागतो, म्हणजे बचत कुठेच नाही.

पावसाळ्यात घासणारं दार रंधून घेऊ नका. हवेतल्या दमटपणानं लाकूड फुगलेलं असतं, नोव्हेंबरात तेच दार सैल होऊन फट दिसते. थंडीत बघा आणि मग खालची व वरची कडसुद्धा रंगवा, त्या कोऱ्या राहिल्यामुळेच ओल आत जाते. स्वयंपाकघरात कपाटांचे सांगाडे ठीक असतील तर फक्त पल्ले आणि बिजागऱ्या बदला. सिंकखालचा पल्ला मात्र आयएस ७१० शिक्क्याच्या (पाण्यात टिकणाऱ्या मरीन) प्लायचाच घ्या. काढलेले पितळी नळ आणि ॲल्युमिनियमच्या खिडक्या मलब्यात टाकू नका, भंगारवाला किलोवर घेतो.

वेळेचं गणित इथल्या बाजाराप्रमाणे बसवा. मजुरीला येणारे बरेच जण दाहोद, पंचमहाल, छोटा उदेपूरचे असतात आणि दिवाळीआधी गावी निघतात. दिवाळीनंतर हार्डवेअरची दुकानं बहुतेक लाभपाचमीपर्यंत (कार्तिक शुद्ध पंचमी) उघडत नाहीत. म्हणून धाबं मेमध्ये, वीज-नळ जूनमध्ये, पावसाळ्यात टाइल आणि आतली कपाटं, पाऊस ओसरला की पुट्टी, आणि शेवटचा हात धनत्रयोदशीच्या निदान आठवडाभर आधी. स्क्रू, रोलरची टोपी, अर्धा लिटर जास्तीचा रंग असल्या किरकोळ वस्तू तेव्हाच आणून ठेवा.