‘सर्व हक्क’ लिहून देऊ का?

प्रश्न : मी बेळगावजवळच्या खानापूर तालुक्यातली. गावच्या जत्रेसाठी मी लिहिलेलं नाटक तीन वर्षं आमचीच पोरं करतात. आता एक नाट्यमंडळ पंधरा हजार एकरकमी देऊन ‘सर्व हक्क कायमचे’ बाँडवर लिहून मागतंय. नाटकात आजीच्या जात्यावरच्या ओव्याही आहेत. सही करू का?

उत्तर : ताई, त्या कागदावर सही करू नका.

मी तीस वर्षं शहापुरात छापखाना चालवला. पुस्तकाचा मोठा खर्च पहिल्या प्रतीलाच होतो : जुळणी, प्रुफं, प्लेट. पुढच्या प्रतीला फक्त कागद, शाई, बांधणी. नाटकाचंही तसंच. रात्री जागून लिहिलंत ते एकदाच. पुढच्या गावात प्रयोग लावताना मंडळाला लेखनापोटी काहीच खर्च येत नाही. कायद्याचं बंधन नसतं, तर कुणीही ते फुकट उचललं असतं. लेखकाचं उत्पन्न या पुढच्या प्रयोगांतच असतं, आणि तुम्ही विकायला निघालात ते नेमकं हेच. माझ्या वडिलांनी एक एकांकिका दीडशे रुपयांना अशीच लिहून दिली होती. पुढे कितीतरी वर्षं ती जत्रांतून व्हायची, आणि आम्ही तिकीट काढून बघायला जायचो. वडील एकदाही आले नाहीत.

1957 च्या कॉपीराइट कायद्याप्रमाणे तुमचा हक्क हयातभर आणि त्यानंतर 60 वर्षं राहतो. नोंदणीची सक्ती नाही. हक्क द्यायचेच तर लेखी करारात मुदत घाला. ती लिहिली नाही, तर कायदा पाच वर्षं धरतो. ‘कायमचे’ हा शब्द मात्र खोडायला लावा. कन्नड अनुवादाचा हक्क वेगळा असतो, तो स्वतःकडेच ठेवा. आपल्या भागात कन्नड प्रेक्षक काही थोडा नाही.

पैशाचं असं करा : प्रयोगामागे पाचशे, त्यातले पाच हजार आगाऊ. अकराव्या प्रयोगापासून पुन्हा पाचशे सुरू. तीस प्रयोग झाले की पंधरा हजार भरतात, आणि नाटक तरीही तुमचंच. प्रयोग झालेच नाहीत, तर दहा हजारांवर पाणी सोडावं लागेल, हेही धरून चाला. घरात आत्ताच मोठी नड असेल तर आगाऊ रक्कम वाढवून मागा, हक्क विकू नका.

ओव्या परंपरेतल्या असतील तर त्यांवर कुणाचीच मालकी नाही. तुम्ही घेतल्यात तशा दुसराही घेईल. त्यांत तुम्ही नव्याने रचलेल्या ओळी तेवढ्या तुमच्या. हँडबिलावर आजीचं नाव मात्र छापायला लावा. जुनी वही आणि पहिल्या जत्रेचं हँडबिल जपून ठेवा, लेखन तुमचं हे दाखवायला तेच कामी येईल.