अँटिफॉस्फोलिपिड सिंड्रोममध्ये ॲसिट्रॉम बंद करून तपासणी न लागणारी नवी गोळी घ्यावी का?

तुमच्या २९ वर्षांच्या बहिणीच्या पायातील शिरेत रक्ताची गाठ झाली, तपासणीत अँटिफॉस्फोलिपिड सिंड्रोम निघाला, डॉक्टरांनी रक्त पातळ ठेवणारी ॲसिट्रॉम ही गोळी लिहून दिली आणि आता दर पंधरा दिवसांनी चोपडा तालुक्यातून जळगावला आयएनआरसाठी, म्हणजे रक्त गोठायला किती वेळ लागतो हे आकड्यात सांगणाऱ्या तपासणीसाठी (आकडा जास्त तितके रक्त पातळ), खेप घालावी लागते. शेजारच्या काकांनाही पायात गाठ झाली होती, पण त्यांच्या गोळीला ना तपासणी लागते ना पथ्य; मग तीच का घेऊ नये, असा तुमचा प्रश्न आहे. मी अमळनेरला औषधविक्रेता आहे, डॉक्टर नव्हे. परंतु माझ्या पत्नीला नऊ वर्षांपासून हाच आजार असल्याने हा प्रश्न मी काउंटरच्या दोन्ही बाजूंनी पाहिला आहे. परस्पर गोळी बदलू नका, हे माझे उत्तर.

काकांसारख्या अनेक रुग्णांना, उदाहरणार्थ हाड मोडून महिनाभर खाटेवर पडल्याने गाठ झालेल्यांना, रिव्हरॉक्साबॅन किंवा ॲपिक्साबॅन ही तपासणी न लागणारी नवी गोळी उत्तम लागू पडते आणि मी त्या गोळ्या रोज विकतो. तुमच्या बहिणीच्या आजारात मात्र शरीराची प्रतिकारशक्तीच रक्त गोठवणारी प्रतिपिंडे तयार करते, आणि गाठ शिरेतच होईल असे नाही. मेंदूच्या किंवा हृदयाच्या धमनीतही होऊ शकते. इटलीत नेमक्या अशाच रुग्णांवर, तेही या आजारात तपासली जाणारी तिन्ही प्रतिपिंडे सापडलेल्या १२० जणांवर, रिव्हरॉक्साबॅन आणि ॲसिट्रॉमच्याच कुळातली वॉरफरिन यांची तुलना झाली. रिव्हरॉक्साबॅन घेणाऱ्या ५९ जणांपैकी चौघांना पक्षाघात आणि तिघांना हृदयविकाराचा झटका आला. वॉरफरिनच्या ६१ जणांपैकी एकालाही गाठीचा त्रास झाला नाही. अभ्यास मध्येच थांबवावा लागला. २०१८ मध्ये हे निष्कर्ष प्रसिद्ध झाले आणि पुढच्याच वर्षी युरोपच्या औषध नियामकांनी या आजारात, विशेषतः तिन्ही चाचण्या सकारात्मक असल्यास, या नव्या गोळ्या नकोत असे कळवले. ॲपिक्साबॅनच्या एका लहान अभ्यासातही पक्षाघातांचे प्रमाण असेच खटकणारे होते.

म्हणून डॉक्टरांना आधी हे विचारा की ल्युपस अँटिकोॲग्युलंट, अँटिकार्डिओलिपिन आणि बीटा-२ ग्लायकोप्रोटीन या तीनपैकी कोणत्या चाचण्या सकारात्मक आल्या, आणि किमान १२ आठवड्यांनी त्या पुन्हा केल्या का. एकदाच आलेल्या अहवालावर हे निदान पक्के धरत नाहीत. नवी गोळी चालू असताना ल्युपस अँटिकोॲग्युलंटची चाचणी खोटी सकारात्मक येऊ शकते, हेही लक्षात असू द्या.

आता पथ्याविषयी, कारण आमच्या घरी खरी अडचण तिथेच झाली. हिवाळ्यात आपल्याकडे भरिताचे बेत आठवड्याआड होतात आणि एका वर्षी पत्नीचा आयएनआर २.५ वरून १.६ वर उतरला. वांगे बिचारे निर्दोष होते. दोष त्यात सढळ हाताने घातलेल्या कांद्याच्या पातीचा, कारण तिच्यात व्हिटॅमिन के भरपूर असते आणि ही गोळी त्याच व्हिटॅमिनच्या विरोधात काम करते. पात, मेथी, पालक सोडायचे नाहीत; आठवड्याला जेवढे खाता तेवढेच नेमाने खायचे. उलट प्रकार एकदा दाढदुखीत झाला: दुसऱ्या डॉक्टरांनी लिहून दिलेली मेट्रोनिडॅझोल ही जंतुसंसर्गावरची गोळी मी स्वतःच तिला दिली, आयएनआर ६ च्या वर गेला आणि हिरड्यांतून रक्त येऊ लागले. औषधविक्रेत्याच्या घरात हे व्हावे याची मला आजही लाज वाटते. डायक्लोफेनॅकसारखी वेदनाशामके आणि ताप आला की कमरेवर टोचून घेण्याची आपली सवय, दोन्ही तिच्यासाठी बंद.

बहीण विवाहित असेल तर आणखी एक गोष्ट याहून महत्त्वाची आहे. गरोदरपणाच्या पहिल्या तीन महिन्यांत, विशेषतः सहाव्या ते बाराव्या आठवड्यात, ॲसिट्रॉम किंवा वॉरफरिनमुळे गर्भात व्यंग निर्माण होऊ शकते. त्या काळात वारेतून पलीकडे न जाणारे हेपॅरिनचे इंजेक्शन आणि सोबत कमी मात्रेची ॲस्पिरिन देतात. मूल हवे असेल तर ठरवण्याआधीच डॉक्टरांना सांगावे, आणि नको असेल तर इस्ट्रोजेन असलेल्या गर्भनिरोधक गोळ्या टाळाव्यात, कारण त्यांनी गाठीचा धोका वाढतो.

राहिली जळगावची खेप. आयएनआर २ ते ३ मध्ये स्थिरावला की तपासण्यांमधले अंतर डॉक्टर वाढवतात. तोपर्यंत चोपड्यातल्या एखाद्या चांगल्या प्रयोगशाळेत रक्त देऊन अहवाल डॉक्टरांना फोनवर कळवता येईल का, हे विचारा. फक्त प्रयोगशाळा दर वेळी तीच ठेवा. बोटाच्या थेंबावर चालणारे यंत्र मात्र डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नका, कारण ल्युपस अँटिकोॲग्युलंट असलेल्यांमध्ये त्यावरचा आकडा प्रत्यक्षापेक्षा जास्त दिसू शकतो, आणि त्यावर विसंबून गोळी कमी केली तर गाठ होण्यास वाव मिळतो.