अंगणात हात घालण्याआधी वाफसा बघा
पाइप फाटला, कुंडी तुंबली, तुळस सडली, त्यात संत्र्याचं कलमही लावायचंय, म्हणून शनिवार-रविवारी सगळं अंगण खणायला घेऊ नका. नागपूरची काळी माती ओली असताना खणली की ढेकळं दगडासारखी वाळतात. वाफसा येऊ द्या, म्हणजे माती ना चिखल ना कोरडी अशी होऊ द्या: मुठीत दाबलेला गोळा बोटाने सहज फुटला पाहिजे.

पाइपचा फाटका भाग कापून जॉइनर आणि 2 क्लिपा लावा. चिकटपट्टी टिकत नाही. कुंडीच्या तळाचं भोक मोकळं करा, तुळस बहुधा ते तुंबल्यामुळेच सडली.

संत्र्याचं कलम लावायचंच असेल, तर डोळा भरलेली जागा, म्हणजे खुंटाला संत्र्याचा डोळा जोडलेला सांधा, जमिनीपासून वीतभर वर ठेवा. नवखे नेमके इथेच चुकतात. हौसेने बुंध्याला माती चढवतात, तिथे ओल राहते आणि डिंक्या, म्हणजे खोडातून डिंक गळण्याचा रोग, लागतो. दुहेरी आळं करा, म्हणजे बुंध्याभोवती एकात एक दोन आळी, आणि पाणी बाहेरच्या आळ्यात सोडा.

खतांचं नंतर बघू. आणि सध्या मे असेल, तर कलम जुलैपर्यंत आणूच नका.